‘ये ना एकदा घरी’: जुन्या मित्रांची मोघम आमंत्रणं नीट कशी हाताळावीत

‘अरे, ये ना एकदा घरी.’ ‘रविवारी आम्ही आहोतच, टपका.’ ‘यंदा गणपतीला नक्की हं!’ जुन्या मित्रमैत्रिणींची आमंत्रणं बहुतेक अशीच येतात. ऑफिसातल्या साहेबांना बोलवायचं तर आपण वार, वेळ, पत्ता सगळं नीट सांगतो. शाळेपासूनच्या मित्राला मात्र ‘तुला काय वेगळं सांगायचं’ म्हणून काहीच सांगत नाही. मग एकजण घरून जेवून जातो आणि तिथे पानं मांडलेली असतात. दुसरा पोट रिकामं ठेवून जातो आणि चहा-चिवड्यावर परत येतो. तिसरा जातच नाही, आणि ज्याने मनापासून बोलावलं होतं तो पुढच्या खेपेला बोलवत नाही. भांडण होत नाही, त्यामुळे मिटवामिटवीही होत नाही. नातं नुसतं पातळ होत जातं.

चूक जवळजवळ नेहमी एकाच जागी होते. आमंत्रण मोघम असलं की आपण अंदाज बांधतो आणि गप्प बसतो, कारण विचारणं आगाऊपणाचं वाटतं. जुन्या मैत्रीत विचारायला काहीच हरकत नसते. आधी काय ठरवायचं, कुणाला विचारायचं आणि कोणत्या शब्दांत, एवढा क्रम तेवढा सांभाळावा लागतो.

तयारी: फोन उचलण्याआधी

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: मला जायचं आहे का? हे ठरल्याशिवाय समोरच्याला एकही तपशील विचारू नका. कोण कोण येणार, जेवण आहे का, किती वाजेपर्यंत चालेल असं सगळं विचारून मग ‘नाही जमणार’ म्हटलं, तर मित्राला वाटतं की त्या उत्तरांतलंच काहीतरी खटकलं. साध्या नकारापेक्षा हे जास्त लागतं.

जायचं ठरलं की घरात बोला. एकटे जाणार, जोडीने, की मुलांसकट? त्या दिवशी सासरी-माहेरी काही आहे का? मुलांची परीक्षा? भिंतीवरचं कॅलेंडरही बघून घ्या. संकष्टी, एकादशी, श्रावणातला सोमवार, यातलं काही तुम्ही पाळत असाल तर ते आत्ताच लक्षात यायला हवं, ताटावर बसल्यावर नको. मुंबईत राहत असाल आणि रविवारचं बोलावणं असेल तर मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे तेही पाहा. डोंबिवलीहून बोरिवलीला ‘सहज टपकायला’ जाणं रविवारी दुपारी सहज नसतं.

घरात सुतक असेल आणि बोलावणं पूजेचं किंवा लग्नाचं असेल, तर तुम्ही स्वतः मानत नसलात तरी मित्राला आधी सांगा. त्याच्या घरी वडीलधारी माणसं असतात. निर्णय त्याच्यावर सोपवा.

टप्पा १: आमंत्रण कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखा

मोघम आमंत्रणं सगळी सारखी नसतात आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर लागतं.

पहिली म्हणजे सदिच्छा. वार नाही, प्रसंग नाही, नुसतं ‘या ना कधीतरी’. ही खोटी नसते. माणसाला तुमच्याबद्दल बरं वाटतंय एवढं ती सांगते. तिच्या भरवशावर कुणाच्या दारात उभं राहू नये आणि ‘तोंडदेखलं बोलला’ म्हणून मनातही धरू नये. तिचं काय करायचं ते टप्पा ६ मध्ये आहे.

दुसरं, अर्धं आमंत्रण. वार आहे पण वेळ नाही. वेळ आहे पण जेवण की चहा ते कळत नाही. ‘तू ये’ म्हटलंय की ‘तुम्ही या’ तेच आठवत नाही. गोंधळाची बहुतेक प्रकरणं इथली.

तिसरं, ग्रुपवर टाकलेलं. ‘सर्वांनी अगत्याने यावे’ असा मजकूर चाळीस जणांना एकदम गेलेला असतो. इथे बोलावणं खरं असतं, पण तुमची खास वाट पाहिली जातेय का ते कळत नाही.

चौथा, निरोप. ‘तुलाही बोलावलंय म्हणाला.’ मधल्या मित्राचा हेतू चांगला असतो, पण तो कधीकधी स्वतःच्याच उत्साहात माणसं गोळा करतो.

*खात्री करा:* मित्राने तुम्हाला कोणता दिवस सोयीचा आहे असं विचारलं का? त्याच्या घरात ज्यांच्यावर स्वयंपाकाची जबाबदारी आहे, त्यांनीही ‘या’ म्हटलं का? दुसऱ्यांदा भेट झाल्यावर विषय त्यानेच काढला का? यातलं एक जरी ‘हो’ असलं तरी आमंत्रण मनापासूनचं समजा. घरातल्या दुसऱ्या माणसाने वेगळं सांगितलं असेल तर शंकाच उरत नाही.

टप्पा २: प्रसंगावरून जेवढं कळतं तेवढं आधी काढून घ्या

सगळंच विचारायची गरज नसते. निम्मी उत्तरं प्रसंगातच असतात, आणि ती माहीत नसल्यासारखे प्रश्न केले तर जुन्या मित्राला विचित्र वाटतं.

सत्यनारायणाच्या ‘तीर्थप्रसादाला या’ यात जेवण धरलेलं नसतं. दिलेल्या वेळेत कधीही जावं, दर्शन घ्यावं, शिऱ्याचा प्रसाद घ्यावा, थोडं बसून निघावं. जेवण असेल तर तसं वेगळं सांगतात. दिवाळीचं ‘फराळाला या’ हेही जेवण नव्हे. केळवण मात्र जेवणच, आणि ते ज्याचं लग्न ठरलंय त्याच्यासाठी असतं. तुम्ही सोबत म्हणून जात असाल तर आपल्या बरोबर आणखी कुणाला नेऊ नका.

‘गणपतीला या’ म्हटल्यावर एक प्रश्न विचारायलाच हवा: बाप्पा किती दिवसांचे? दीड, पाच, सात, गौरींबरोबर की अनंत चतुर्दशीपर्यंत, हे घरागणिक वेगळं असतं आणि विसर्जन झाल्यावर मखर बघायला पोचलेली माणसं दरवर्षी भेटतात. शाळेत असताना दहा दिवसांचा होता म्हणून आजही तसाच असेल असं धरू नका. पिढी बदलली की अनेक घरांत दिवस कमी होतात. गौरीपूजनाच्या दिवसाचं जेवण वेगळं सांगितलं असेल तरच जा. त्या दिवशी घरात आधीच पुष्कळ पानं असतात.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू संध्याकाळचं, तासाभराचं. इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पती गमावलेली मैत्रीण ‘सगळ्या या गं’ हे ऐकून स्वतःला त्यातून वगळते, आणि आपण समजतो की तिला यायचं नव्हतं. तुमच्या घरी तिला मानाने वाण मिळणार असेल तर ग्रुपवरच्या मजकुरावर सोडू नका. तिला एकटीला फोन करा आणि म्हणा, ‘तू ये, मी तुला वाण देणार आहे.’ आणि तुम्हीच त्या जागी असाल तर जिच्याशी जुनी मैत्री आहे तिला सरळ विचारा, ‘मी आलेलं घरात सगळ्यांना चालेल ना?’ खऱ्या मैत्रिणीला हा प्रश्न कधीच जड जात नाही.

कोजागिरीचं ‘दूध प्यायला या’ म्हणजे रात्री उशिरापर्यंतची बैठक. परतीची गाडी आधी ठरवा. नुसतंच ‘बसूया’ म्हटलं असेल तर सहसा बायको-मुलं धरलेली नसतात, आणि जागा व खर्च दोन्ही ठरायचं असतं.

लग्नपत्रिका दोनदा वाचा. ‘सहकुटुंब’ लिहिलंय की पाकिटावर फक्त तुमचं नाव आहे? मुहूर्त दिलाय की नुसता स्वागत समारंभ? फक्त स्वागत समारंभाची वेळ असेल तर तेवढ्यालाच जावं. ‘प्रत्यक्ष भेटून आमंत्रण देणे शक्य न झाल्यास हेच आगत्याचे आमंत्रण समजावे’ असं छापलेलं असलं की ‘घरी येऊन अक्षत दिली नाही’ म्हणून रुसायचं कारण उरत नाही. ‘आहेर आणू नये’ लिहिलं असेल तर पाळा. तिथे पाकीट पुढे केलं की मित्राची सगळ्यांदेखत पंचाईत होते. घरगुती बोलावण्यातलं ‘काही आणू नकोस’ वेगळं. तिथे फळं किंवा मुलांसाठी खाऊ न्यायला हरकत नाही, मात्र जेवणातला पदार्थ न विचारता करून नेऊ नका.

टप्पा ३: कुणाला, केव्हा, कुठे विचारायचं

ज्याने बोलावलं त्यालाच, फोनवर, दोन दिवसांच्या आत.

मधल्या मित्राकडून ‘काय रे, जेवण आहे का तिथे’ अशी चौकशी करू नका. ती पोचतेच, आणि पोचेपर्यंत तिचा सूर बदललेला असतो. ग्रुपवर तर मुळीच विचारू नका. तुम्ही ‘फॅमिलीसकट ना?’ असं चारचौघांत विचारलंत की यजमानाला ‘हो हो, सगळे या’ म्हणावंच लागतं, आणि बारा माणसांचा बेत अठ्ठावीसवर जातो. निरोपावर आलेलं बोलावणं असेल तर आधी मूळ माणसाला फोन करा: ‘अमुक म्हणाला तुझ्याकडे शनिवारी कार्यक्रम आहे, अभिनंदन!’ एवढं बोलून थांबा. त्याला तुम्ही हवे असाल तर ‘अरे, मग तू येतोयस ना’ हे तो लगेच म्हणेल. तसं काही तो म्हणाला नाही तर विषय तिथेच सोडून बाकीच्या गप्पा मारा.

टप्पा ४: प्रश्न न वाटणारा प्रश्न विचारा

बहुतेक जण अडखळतात ते इथे, म्हणून इथे थोडं थांबू.

‘जेवण आहे का?’ हा प्रश्न मित्राला अडकवतो. जेवण नसेल तर त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. तो ‘अरे हो, आहे ना!’ म्हणतो आणि घरात जाऊन कुकर लावायला सांगतो. ‘अजून कोण कोण आहे?’ यातून तुम्ही माणसं पारखून येणार असं ऐकू येतं. ‘आम्ही चौघं आलो तर चालेल ना?’ याला ‘नाही’ हे उत्तरच नाही.

त्याऐवजी तुमचा बेत सांगा, आणि तो दुरुस्त करायची जागा मित्राला ठेवा. कमीत कमी समजून चालल्यासारखं बोला. वाढवणं त्याच्या हातात राहू दे.

चहा की जेवण कळत नसेल तर: ‘मी साडेपाचपर्यंत चहाला येतो, आठच्या आत निघेन म्हणतोय.’ जेवणाचा बेत असेल तर तो ताबडतोब म्हणेल, ‘आठ काय, जेवल्याशिवाय सोडणार नाही.’ नसेल तर ‘ये ये, निवांत बसू’ म्हणेल. दोघांचीही अब्रू शाबूत.

एकट्याने की जोडीने: ‘रविवारी मी येतोय रे.’ त्यावर ‘आणि वहिनी?’ असा प्रश्न आला तर जोडीने जा. आला नाही तर एकटे जा, आणि घरी जाऊन त्याचा अर्थ काढत बसू नका.

खाण्याचं पथ्य असेल तर ते मागणी म्हणून न मांडता आगाऊ माहिती म्हणून सांगा: ‘त्या दिवशी संकष्टी आहे, मी चंद्रोदयानंतरच जेवतो. तुम्ही माझ्यासाठी थांबू नका, मला फळं पुरतील.’ संकष्टीचा चंद्रोदय बहुधा रात्री आठ ते दहाच्या दरम्यान असतो, तेव्हा हे न सांगता गेलात तर अख्खं घर तुमच्यासाठी उपाशी बसतं. शाकाहाराचंही तसंच. मटणाचा बेत शिजून तयार झाल्यावर ‘मी सोडलंय’ असं सांगितलंत तर यजमानाला फार लाज वाटते, चूक त्याची नसताना.

बाहेर भेटायचं असेल आणि खर्च कुणाचा ते कळत नसेल, तर जागा ठरतानाच म्हणा: ‘टीटीएमएम (तुझं तू, माझं मी) करू या ना, म्हणजे परत परत भेटता येईल.’ तो ‘छे, मी बोलावलंय’ म्हणाला तर मान्य करा आणि पुढचं बोलावणं तुम्ही करा. बिल आल्यावर वेटरसमोर ओढाताण नको. मित्रांपैकी कुणाचा हात सध्या तंग आहे हे माहीत असेल तर महागड्या हॉटेलचं नाव निघायच्या आत तुम्हीच एखादी साधी जागा सुचवा आणि कारण मात्र दुसरं द्या: तिथे बसता येतं, तिथे आवाज कमी असतो.

*सावधान:* मित्राने बेत दुरुस्त केला नाही, तर तो तसाच खरा धरा. ‘लाजून बोलला नसेल’ म्हणून आठ वाजल्यानंतर रेंगाळू नका.

परदेशातून आलेल्या मित्राचं प्रकरण वेगळं आहे. डिसेंबरात तो तीन आठवड्यांसाठी येतो, विमानतळावरूनच ‘आलोय, भेटूया नक्की’ असा मेसेज टाकतो, आणि मग दोघंही वाट बघतात. इथल्याला वाटतं, तो आलाय तर त्याने यावं. त्याला वाटतं, मी एवढ्या लांबून आलोय तर हा एक फोन नाही करणार? तीन आठवडे आईवडिलांचे डॉक्टर, बँक, सासर-माहेर यांत जातात आणि परतताना विमानतळावरून ‘सॉरी यार, पुढच्या वेळी’ येतं. इथे इथल्याने पुढाकार घ्यावा. मेसेज आला त्याच दिवशी दोन वार आणि त्याच्या घराजवळची एक जागा सुचवा: ‘गुरुवार संध्याकाळ किंवा शनिवार सकाळ, तुझ्या सोसायटीजवळ येतो, तासभर. आई-बाबांना भेटतो, तिथेच चहा घेऊ.’ घरी जेवायला बोलवण्याचा आग्रह पहिल्या फोनवर करू नका. त्याच्यापुढे अशा जेवणांची रांग लागलेली असते आणि प्रत्येक जेवण एक अख्खी संध्याकाळ खातं.

टप्पा ५: होकार किंवा नकार, पण पूर्ण

होकार दिलात की फोन ठेवल्यावर एक ओळ लिहून पाठवा: ‘शनिवार, संध्याकाळी सहा, तुझ्या घरी, आम्ही दोघं.’ वार, वेळ, जागा, माणसं. जुन्या मित्राने घर बदललं असेल तर लोकेशन तेव्हाच मागून घ्या. आदल्या दिवशी ‘उद्या येतोय रे’ एवढं पुरे. ग्रुपवरच्या मजकुराला नुसता अंगठा दाखवणं हा होकार नव्हे. त्याचा अर्थ ‘वाचलं’, ‘शुभेच्छा’ आणि ‘येतोय’ असा तीनही होतो, आणि केटररला पानांचा आकडा सांगायची वेळ आली की यजमान त्या अंगठ्यांकडे बघत बसतो.

नकार द्यायचा असेल तर ‘बघतो’, ‘जमवतो’, ‘प्रयत्न करतो’ हे शब्द टाळा. आपल्याला ते सौम्य वाटतात. यजमान मात्र त्यांच्या भरवशावर पान धरतो. असं म्हणा: ‘बोलावलंस, फार बरं वाटलं. या शनिवारी येत नाही मी. कार्यक्रम छान होऊ दे, फोटो पाठव.’ कारण खरं असेल आणि सांगण्यासारखं असेल तर एकच सांगा. तीन कारणं दिली की तिन्ही खोटी वाटतात. कारण सांगायचं नसेल तर सांगू नका. जुना मित्र समजून घेतो, पण नंतर फोटोत दुसरीकडेच दिसलात तर समजून घेत नाही. ‘पुढच्या आठवड्यात येतो’ हे तेव्हाच म्हणा, जेव्हा लगेच वारही सांगता येईल.

खरोखरच अनिश्चित असेल, घरात कुणी आजारी किंवा सुट्टी मंजूर व्हायची, तर निर्णयाची तारीख द्या: ‘बुधवारी रात्री सांगतो, तोपर्यंत मला धरू नकोस.’ आणि बुधवारी रात्री सांगा.

*खात्री करा:* लागोपाठ दोनदा नकार दिला असेल तर तिसरं बोलावणं तुमच्याकडून जायला हवं. वाट बघू नका.

टप्पा ६: ‘कधीतरी’चं काय करायचं

सदिच्छेला वार देऊन बघायचा, तोही एकदाच आणि सोपा: ‘तू परवा ये म्हणालास ना, पुढच्या रविवारी सकाळी तासभर येऊ का? नसेल सोयीचं तर तू दिवस सांग.’ त्याने दिवस दिला तर टप्पा ४ पासून पुढे जा. ‘हो हो, कळवतो’ म्हणाला आणि कळवलं नाही, तर काही आठवड्यांनी आणखी एकदा विचारा, पण यावेळी घरी येण्याचं नाव काढू नका. बाहेरची जागा सुचवा: बागेत फेरी, टपरीवर चहा, त्याच्या ऑफिसाजवळ दुपारी अर्धा तास.

यामागे कारण आहे. घरी बोलावणं टाळणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा तुम्ही नको नसता. घरात अंथरुणाला खिळलेले वडील असतात, जागा लहान असते, नवरा-बायकोचं ठीक चाललेलं नसतं, किंवा पाहुणचाराचे पैसे त्या महिन्यात नसतात. यातलं काही तो सांगणार नाही आणि आपण विचारू नये. बाहेर भेटला की तो नेहमीसारखा बोलतो.

बाहेर भेटायलाही दोनदा टाळलं तर तारीख मागणं थांबवा. वाढदिवसाचा फोन, आईच्या तब्येतीची चौकशी चालू ठेवा. ‘तू बोलावणार होतास’ याची आठवण गमतीतही करून देऊ नका.

टप्पा ७: तुम्हीच बोलावणार असाल तेव्हा

पाच गोष्टी सांगा: वार, किती ते किती, जेवण की चहा, कुणाकुणाला, आणि काही आणायचं का. जवळच्या मित्रालाही सांगा. त्यातली ‘किती वाजेपर्यंत’ ही सगळ्यात जास्त विसरली जाते आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते. नमुना हवा असेल तर हा घ्या:

‘येत्या रविवारी, दुपारी बारा ते चार, आमच्याकडे जेवायला या. तू, वहिनी आणि मुलं. आपल्या वर्गातले आणखी दोघं आहेत. साधं जेवण, शाकाहारी. काही आणू नका. गुरुवारपर्यंत हो-नाही कळव. नाही म्हणालास तरी चालेल, पुन्हा ठरवू.’

‘नाही म्हणालास तरी चालेल’ हे शेवटचं वाक्य गाळू नका. ते वाचलं की ज्याला जमत नाही तो गुरुवारीच सांगतो, रविवारी सकाळी अकराला नाही.